आजोबांनी पाटी धरली होती का?

बारावीचा निकाल लागून सीईटीचे आकडे हाती आले की आपल्या सातारा-सांगली भागात दोन कामं एकदम सुरू होतात. पोराला किती पर्सेंटाइल पडले ते गावभर सांगायचं हे पहिलं. आणि दुसरं, ‘तिथं आपलं कोण आहे?’ याचा शोध लावायचा. कुणाचा मेव्हणा त्या कॉलेजात क्लार्क असतो, कुणाचा चुलता तिथूनच इंजिनियर होऊन पुण्याला गेलेला असतो. ‘तो तिथला माजी विद्यार्थी आहे, दोन शब्द टाकील’ असं चावडीवर ठरतं. मग मोटारसायकलला किक बसते, एखाद्या संचालकाची चिठ्ठी खिशात पडते आणि इस्लामपूर, कराड, सांगली, सातारा असे खेटे सुरू होतात.

हे खेटे घालणाऱ्या वाचकांना आज सरळच विचारतो. बाप, चुलता किंवा थोरला भाऊ ज्या कॉलेजात शिकला, तिथं धाकट्याला प्रवेश मिळायला त्याचा काही उपयोग होतो का?

नियमाच्या पुस्तकात बघाल तर काहीच नाही. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला म्हणून आपल्या राज्यात इंजिनियरिंगला किंवा डॉक्टरकीला एकही जागा राखीव नाही. सांगलीचं वालचंद घ्या, कराडचं सरकारी इंजिनियरिंग घ्या, मिरजेचं सरकारी मेडिकल घ्या. सीईटीचा नाहीतर नीटचा नंबर, जातीचा प्रवर्ग आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, एवढ्यावर यादी लागते. बाप त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून गेला होता हे त्या यादीला कळतही नाही.

हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याचं मोल वाटत नाही. म्हणून जरा बाहेर बघा. अमेरिकेचा आपल्याकडं मोठा गवगवा. तिथल्या हार्वर्ड विद्यापीठावर खटला झाला आणि २०१८ साली बोस्टनच्या कोर्टात प्रवेशाची आतली कागदपत्रं उघडी पडली. तिथं शिकून गेलेल्यांच्या मुलांपैकी साधारण ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता आणि बाकीच्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. म्हणजे बापाची पदवी ही लेकाच्या हातातली पाचपट वजनाची चिठ्ठी! बरं, ही चोरून दिलेली सवलत नव्हती, तसा रीतसर रिवाजच होता. अलीकडं मात्र तिथंही लोकांना हे टोचायला लागलं. जॉन्स हॉपकिन्सनं हा प्रकार सोडला, अॅमहर्स्टनं २०२१ मध्ये सोडला आणि कॅलिफोर्निया राज्यानं तर २०२४ साली कायदा करून खाजगी कॉलेजांनाही बंदी घातली.

आणि आपल्या देशात असलं काही नाहीच, असंही समजू नका. राजधानी दिल्लीत साडेतीन-चार वर्षांच्या पोराला नर्सरीत घालताना गुण मोजतात. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या नायब राज्यपालांनी जे नियम काढले, त्यात शंभरातले ७० गुण शाळेजवळ राहण्याला, २० भावंड त्या शाळेत असण्याला आणि ५ गुण आई-बाप त्याच शाळेत शिकले म्हणून होते. पुढल्या वर्षी उच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले, ही गोष्ट वेगळी. पण ज्याला धड चड्डीची नाडी बांधता येत नाही, त्याच्या नावावर बापाच्या शाळेचे गुण जमा होत होते हे खरं.

आपल्याकडं तसं नाही. मात्र ‘तिथं आपलं कोण आहे’ याला काहीच अर्थ नाही असं म्हटलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल आणि ते बरोबरच होईल. दार पुढून बंद असलं तरी परसदारी काय चालतं हे सगळ्यांना माहीत असतं.

परसदाराचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. १९८३ साली पद्माळ्याचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान इंजिनियरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर आपल्या पोरांना वालचंद आणि कराड एवढीच दारं. तिथं नंबर नाही लागला तर पैसेवाले कर्नाटकात देणगी भरून पोरं शिकवायचे. दादांचं म्हणणं साधं होतं, की आपला पैसा बाहेर जातो, तर आपल्याच भागात कॉलेजं का नकोत? त्या धोरणातून साखराळ्याला राजारामबापूंच्या नावानं इंजिनियरिंग कॉलेज उभं राहिलं, कराडला कृष्णेचं मेडिकल आलं, पुढं आणखी कितीतरी आली. त्यातून आपल्या कोरडवाहू तालुक्यांतलीसुद्धा पोरं इंजिनियर झाली, हे नाकारायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याबरोबर देणगी आली, संस्थाचालकाचा शब्द आला आणि ‘कोट्यातली सीट’ हा शब्द आपल्या मराठीत कायमचा येऊन बसला. देणगी इतकी बोकाळली की १९८७ साली सरकारला ती बंद करायचा कायदा करावा लागला.

आज कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण चिठ्ठीवाल्याला तुम्ही ते समजून न घेतलेलंच परवडतं. खाजगी विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था पातळीवर भरता येतात. पण ‘संस्था पातळीवर’ म्हणजे संस्थाचालकाच्या मर्जीवर नव्हे. २०१५ च्या कायद्यानं या जागांचीही जाहिरात द्यावी लागते, अर्ज घ्यावे लागतात आणि आलेल्या अर्जांतून गुणानुक्रमे यादी लावावी लागते. फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यावर घेतलेला पैसा बेकायदा. तक्रार करायला प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. अकरावीचंही तसंच. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्यात संस्थेच्याच शाळेतल्या पोरांना १० टक्के इनहाऊस कोटा आणि व्यवस्थापनाला ५ टक्के. शाळेची ओळख कामाला येण्याची कायदेशीर जागा तेवढीच, आणि तीही पोर स्वतः त्या शाळेत शिकलं तर. बाप शिकला म्हणून नाही.

मेडिकलला आणखी एक नातं चालतं, परदेशातल्या मामा-काकाचं. खाजगी कॉलेजांत १५ टक्के अनिवासी भारतीयांचा कोटा सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली मान्य केला. पुढं या कोट्यात कुणाकुणाला बसवावं याला ताळतंत्र राहिलं नाही. पंजाब सरकारनं २०२४ मध्ये लांबचे नातेवाईकही त्यात घ्यायचं ठरवलं, ते उच्च न्यायालयानं मोडलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चक्क फसवणूक आहे असं सुनावून पंजाबचं अपील फेटाळलं. म्हणजे दुबईतल्या चुलतसासऱ्याच्या जिवावर डॉक्टर व्हायचे दिवस संपत आलेत म्हणायचे.

आता मुद्द्याकडं येतो. चिठ्ठी, देणगी, कोटा यांवर आपण जन्मभर बोललो. पण घरात आधी कुणी शिकलेलं असणं हे ज्या दोन ठिकाणी खरोखर तोलून धरतं, त्यावर कुणी बोलत नाही.

पहिलं ठिकाण पसंतीक्रमाचा अर्ज. ज्याचा बाप वालचंदमधून शिकून गेला, त्याला कुणाच्या शब्दाची गरजच नसते. जेवताना ताटावर बोलणं होतं. कुठल्या कॉलेजाची मेकॅनिकल चांगली, कुठं नुसतीच इमारत रंगवलेली आहे, कुठलं नाव आधी लिहायचं आणि कुठलं खाली. आणि ज्याच्या घरात सीईटी हा शब्द पहिल्यांदाच आला, ते पोर तालुक्याच्या नेट कॅफेत जातं. कॅफेवाला एका दिवसात पन्नास अर्ज भरतो. तो म्हणतो, ‘भरू का हे?’ पोर म्हणतं, ‘भरा.’ पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, हे त्याला यादी लागल्यावर कळतं. दोघांचे पर्सेंटाइल सारखे, पण एक पुण्याला जातो आणि दुसरा अशा कॉलेजात, जिथं अर्धी बाकं रिकामी. याला कोटा म्हणत नाहीत, पण आहे तो कोटाच.

आपल्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचं उदाहरण घ्या. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं ही माणसं सगळ्या हिंदुस्थानभर पसरली. पोरं तिकडंच शिकतात, दहावी-बारावी तमिळनाडूत नाहीतर केरळात. इंजिनियरिंगला इकडं यायचं म्हटलं तर आई किंवा वडील यांपैकी एकाचा महाराष्ट्रातला अधिवास दाखवला की पोराला राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. मेडिकलला मात्र राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावीसुद्धा इथलीच लागते. ज्याच्या भावकीतला कुणी आधी या वाटेनं गेलाय, त्याला हे ठाऊक असतं आणि तो पोराला दहावीच्या आधीच विट्याला आणून ठेवतो. ज्याला ठाऊक नाही, तो बारावी झाल्यावर डोक्याला हात लावून बसतो.

दुसरं ठिकाण याहून जुनं आणि याहून कठीण आहे. तुमच्या आजोबांचं नाव कुठल्या तरी शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे का?

जून महिन्यात तहसील कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्न यांच्या फायली काखेत मारलेले बापलेक दिसतील. जातीच्या दाखल्याला आणि नंतरच्या पडताळणीला पुरावा लागतो तो पोराचा नव्हे, बापाचाही पुरत नाही. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आज अठरा वर्षांच्या पोराचा बाप पंचेचाळीस-पन्नाशीचा. म्हणजे पुरावा आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा काढायचा. आणि त्या काळात जात लिहिलेला कागद सर्वांत सहज सापडायचा तो शाळेत. पहिलीत नाव घालताना मास्तर नाव, वडिलांचं नाव, जात, गाव आणि जन्मतारीख लिहायचे. तोच ‘शाळा सोडल्याचा दाखला’ आज नातवाच्या इंजिनियरिंगच्या फाइलीत सगळ्यांत वर लागतो.

अमेरिकेत बापाच्या कॉलेजाची पदवी मोजतात. आपल्याकडं मोजतात ती आजोबांची दुसरी इयत्ता.

या रजिस्टरांचं मोल काय असतं ते बघायचं असेल तर साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलला जा. तेव्हा ते गव्हर्नमेंट हायस्कूल होतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथं इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव पडलं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर १९१४. ते रजिस्टर शाळेनं जपून ठेवलंय आणि २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या नोंदीमागं काय होतं? रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिकवणारे होते. पलटणीनं त्यांना अक्षर दिलं, म्हणून त्यांनी साताऱ्यात पोराचं बोट धरून त्याला हायस्कुलात नेलं. घरात एक पिढी आधी शिकलेली असली की काय होतं याचं याहून मोठं उदाहरण मला देता येणार नाही. आणि त्याच वेळी त्याच समाजातल्या हजारो घरांत तसं कुणी नव्हतं, त्यामुळं त्यांची पोरं कुठल्याच रजिस्टरात आली नाहीत, हेही तितकंच खरं.

इथंच मला राग येतो. ज्यांना शाळेच्या उंबऱ्यावर चढू दिलं नाही त्यांच्याच नातवंडांकडं आज आपण शाळेचा पुरावा मागतो. ज्यांची मेंढरं वर्षातले आठ महिने जत-आटपाडीहून कोकणाच्या वाटेवर, ज्यांचं पाल आज म्हसवडला तर पुढच्या बाजाराला पंढरपूरला, त्यांच्या आजोबांना कुठल्या शाळेनं नाव घालून घेतलं असेल? गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, जमीनजुमला असलेल्या घराला फेरफार आहे, सातबारा आहे, बारशाची नोंद आहे. पुरावा सापडतो तो सुखवस्तू घरात आणि अडतो तो नडलेल्या घरात. आरक्षण ज्याच्यासाठी, त्यालाच त्याचा कागद सगळ्यांत उशिरा मिळतो.

जत भागातलं एक घर मला ठाऊक आहे. पोरीला नंबर चांगला लागला. आजोबा कधी शाळेत गेलेच नव्हते. पण आजोबांचा धाकटा भाऊ गुरं राखता राखता दोन वर्षं शाळेत बसला होता, असं एका म्हातारीला आठवलं. ती शाळा आता दुसऱ्या इमारतीत. जुनं रजिस्टर अडगळीत, वर खिचडीच्या तांदळाची पोती. हेडमास्तर भला माणूस, त्यानं दोन रविवार मोडून ते शोधलं. पानाची कड वाळवीनं खाल्लेली, पण नाव आणि जात शाबूत. वंशावळीचं शपथपत्र करून चुलतआजोबांचा तो दाखला जोडला आणि पोरीचं काम झालं. वाळवी आणखी चार बोटं पुढं सरकली असती तर?

तेव्हा लक्षात ठेवा, आजोबाच पाहिजेत असं नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कुणीही चालतो. चुलतआजोबा, चुलतचुलता, आजोबांची बहीण. आणि भावकीत एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर पुढच्यांची वाट बरीच सोपी होते. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल आणि त्यात लबाडी नसेल, तर दुसऱ्याला तेच पुन्हा सिद्ध करायला लावू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१० सालीच म्हटलंय. पण आपल्या भावकीत बांधावरनं कोर्टकज्जे चालू! चुलता म्हणतो, माझ्या पोराचं प्रमाणपत्र देत नाही, तुझं तू बघ. हातभर बांधासाठी पुतण्याची डॉक्टरकी बुडवणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे, तो नवीन तलाठ्यांना माहीत नसतो म्हणून सांगतो. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधी तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात. सांगली, मिरज, जत ही संस्थानं, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडं, फलटण निंबाळकरांचं. १९४८ ला संस्थानं विलीन झाली तेव्हा दप्तरं इकडची तिकडं गेली. आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा सातारा’ आणि नातवाच्या दाखल्यावर ‘जिल्हा सांगली’ असेल तर त्यात चूक काही नाही. गाव तिथंच आहे, जिल्हा हलला. पण खिडकीवरचा बाबू ‘गाव जुळत नाही’ म्हणून फाइल परत करतो आणि बाप काही न बोलता एसटीनं परत येतो.

शाळेत गेलेच नसतील तर काय? कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात आणि त्यात जातही लिहिलेली असते. ती बुकं बहुतेक तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. जुनी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. २०२३ साली मराठा आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला गावोगावची रजिस्टरं उघडली गेली, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की या धुळीत काय पडलंय. जुन्या खरेदीखतात, फेरफारात, पलटणीत असेल तर सर्व्हिस बुकातही जात सापडते. आणि कागद काहीच नसेल तर पडताळणी समितीच्या दक्षता पथकानं गावात येऊन चौकशी करायची तरतूद आहे. ती मागून घ्या. मिळत नाही असं तोंडी सांगितलं तर लेखी द्या म्हणा.

एक मात्र करू नका. रजिस्टरात खाडाखोड करून देतो म्हणणारे दलाल फिरतात. जुन्या रजिस्टरात नव्या शाईचा एक शब्द घुसला तर त्या एका पोराचंच नाही, सगळ्या भावकीचं वाटोळं होतं. खोटा दाखला निघाला तर प्रवेश रद्द, मिळालेली पदवी रद्द, वर गुन्हा.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, मग काय, ज्याच्या घरात शिक्षण नाही त्यानं शिकूच नये? तर त्याचं उत्तरही इथलंच आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी कराडजवळ काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. कॉलेजात यायला आधी घरात अक्षर लागत होतं. भाऊरावांनी ज्यांच्या घरात अक्षर नाही तीच घरं धरली. ते ऐतवड्याच्या घराण्यातले, गावोगाव पायपीट करून पोरं गोळा करायचे. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी पोरं एका पंगतीला. बोर्डिंगात दाणा नाही म्हटल्यावर लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९२७ मध्ये गांधीजी येऊन ते बोर्डिंग बघून गेले. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं पोरं खडी फोडायची, शेतात राबायची आणि वर्गात बसायची. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हे. त्या बोर्डिंगात नाव घालताना ‘तुझा बाप कुठं शिकला?’ असं कुणी विचारलं असतं, तर एकही पोर आत गेलं नसतं!

त्या पोरांची नातवंडं आज अमेरिकेत आहेत आणि मोठ्या पगारावर आहेत. त्यांच्याबद्दल मला एक म्हणायचंय. माजी विद्यार्थी मेळावा भरतो, फेटे बांधतात, प्रवेशद्वाराला देणगी देऊन वर आजोबांचं नाव घालतात. घाला बाबांनो, वाईट नाही. पण मे-जूनचे पंधरा दिवस तालुक्याच्या गावी येऊन बसा, नाहीतर तिकडून फोनवर बसा आणि नेट कॅफेतल्या त्या पोरांचे पसंतीक्रम भरून द्या. तुमच्या पोराला तुम्ही ताटावर जे सांगता तेच त्यांना सांगा. त्याला पैसाही लागत नाही.

आणि गावच्या कारभाऱ्यांनो, तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, सरपंच, हे तुमच्यासाठी. पोर बारावीत गेल्यावर फाइल करायची सवय मोडा. जातीचा दाखला आठवी-नववीतच काढून ठेवायला लावा. बारावीत विज्ञान घेतलेल्या प्रत्येक पोराचा पडताळणीचा अर्ज दिवाळीच्या आत जिल्हा समितीकडं गेला पाहिजे, कारण जूनमध्ये तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. समित्या साताऱ्याला आणि सांगलीला दोन्हीकडं आहेत, पूर्वीसारखं लांब जावं लागत नाही. वेळेत प्रमाणपत्र आलं नाही तर सरकार कधी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर पोराचं वर्ष टांगू नका. मुदत संपली की खुल्या वर्गाची फी भरा नाहीतर घरी जा, एवढंच उरतं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. ती माफीसुद्धा याच कागदांच्या दारातून आत येते.

राहता राहिलं शाळेचं जुनं रजिस्टर. जिल्हा परिषदेची शाळा शंभर वर्षांची झाली म्हणून आपण मांडव घालतो, लाडू वाटतो. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घाला. १९६७ पर्यंतची सगळी रजिस्टरं बाहेर काढायची, पान न् पान मोबाइलवर का होईना पण फोटो काढून घ्यायचा, एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक तहसीलला. नावांची यादी करून ठेवायची, म्हणजे नातू आला की मास्तरांना रविवार मोडायला नको. गावात मोडी वाचणारा एखादा म्हातारा उरला असेल तर त्याला आधी गाठा, तो कायमचा बसायचा नाही. आणि हा ठराव व्हायला महिना लागणार असेल तर तोवर एवढं तरी करा. पाऊस लागायच्या आत शाळेतलं ते कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर पुढं ओढून घ्या.